साध्या पाण्याची स्लाइड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर — थांबा. तिथं येईन मी. जरा फिरून फिरून यावं लागेल. सरळ चालत गेले तर उंबरठ्यावरूनच माघारी वळेन, हे मला पक्कं ठाऊक आहे. आजवर दर वेळी तसंच झालंय.

तुम्ही समोर बसला आहात असं धरून बोलते. मध्येच "असू द्या हो, होतं असं" म्हणू नका, एवढंच.

मी फार्मसी कॉलेजात शिकवते. दरवर्षी एक तास मायक्रोअ‍ॅरेवर असतो. तंत्र आता जुनं झालं, त्याहून भारी यंत्रं आली, पण अभ्यासक्रमातून ते अजून हललेलं नाही आणि तो तास दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो. मी फळ्यावर काचपट्टी काढते. हिच्यावर हजारो बारीक ठिपके, म्हणते. एकेक ठिपका म्हणजे एकेक जनुक. आपल्याला एखादं औषध तपासायचं असतं, तेव्हा काही पेशींना ते द्यायचं आणि काहींना द्यायचं नाही. दोन्हींतून निघालेला माल दोन रंगांत रंगवायचा, औषधवाला तांबडा, बिनऔषधाचा हिरवा, आणि एकाच काचेवर सोडायचा. औषधानं जे जनुक जागं केलं तो ठिपका तांबडा होतो, जे झोपवलं तो हिरवा. ज्याला काहीच फरक पडला नाही तो पिवळट राहतो. औषध पेशीच्या आत जाऊन काय काय उद्योग करतं, ते एका काचेवर दिसतं. मुलं विचारतात, मॅडम, तुम्ही स्वतः केलंय का हे? मी हो म्हणते आणि लगेच फळा पुसायला घेते. दरवर्षी. अर्ध्या आकृत्या मुलांच्या वहीत उतरायच्या राहून जातात, ती कुरकुरतात, आणि मी पुसत राहते.

कशाला पुसते? तेच सांगायला बसले आहे ना.

ती कापसाची वर्षं होती. म्हणजे कापसाच्या वाईटाची. मी हैदराबादला एका औषध शोधणाऱ्या कंपनीत लागले होते, आणि तिथं कुणी गाव विचारलं अन् मी यवतमाळ म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडायचा, जसं काही माझ्याच घरात कुणी गेलंय. पेपरात रोज आमचं नाव. मला त्याची चीड यायची. आमच्याकडे काय नुसती मरणंच होतात का? मी, कोर्टातल्या कारकुनाची मुलगी, इथं लेझरच्या यंत्रापुढं बसून औषध शोधते आहे, ते नाही कुणी छापत! असा माझा तोरा. तरुण होते, हुशार होते, आणि तसं लोकांनी म्हटलेलं मला फार आवडायचं.

आमचं काम सिकलसेलवर होतं. हा रक्ताचा आजार आमच्या जिल्ह्यात नवा नाही. तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि हाडं आतून कुणी पिळतंय असं दुखतं. पोटातल्या बाळाचं रक्त वेगळ्या जनुकावर चालतं. जन्मल्यावर ते जनुक झोपी जातं. ते थोडं जरी पुन्हा जागं झालं तरी सिकलच्या माणसाला आराम पडतो. तसं एक औषध होतं, पण सगळ्यांना मानवत नव्हतं, आणि तालुक्याच्या ठिकाणी कधी असायचं, कधी नसायचं. तेव्हा आम्ही झाडपाल्यात दुसरं शोधत होतो. माझी मावसबहीण फुलसावंगीला शाळेत शिकवायची. तिनं सांगितलं, इथल्या तांड्यावर एक बंजारा बाई आहे, मुलीला सिकल आहे, ती तिला कसलासा काढा देते आणि मुलगी चक्क बारावीला बसते आहे.

झमलीबाई तिचं नाव. मुलगी ललिता. तांड्यांवर हा आजार तसा कमीच. शेजारच्या कोलामांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, जास्त. पण या घरात होता. नवरा पूर्वीच गेलेला, थोरला मुलगा साखर कारखान्याच्या तोडीला जायचा, घरात या दोघीच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा झमलीबाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तू डाक्टर हायेस का?" नाही म्हटलं. "मंग नर्स?" तेही नाही. मग मी त्या ठिपक्यांचं एक रंगीत चित्र पिशवीतून काढून दाखवलं. ललितानं ते हातातून ओढूनच घेतलं. काटकुळी, डोळ्यांत पिवळेपणा, पण जीभ अशी तिखट की विचारू नका.

"याडी, पाय, हे त तुया फेटियाचे आरसे होय!" आईच्या घागऱ्याकडे बोट दाखवून ती हसत सुटली. मग एकदम माझ्याकडे वळली. "ताई, याच्यात माहा ठिपका कोनता?"

मी एक दाखवला. हा तांबडा झाला तर समज तुझं दुखणं हटलं. तिनं त्या ठिपक्यावर नख टेकवून ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मला तिची गंमत वाटली. आणि हेही वाटलं की ही मुलगी माझ्या कामी येणार. दोन्ही खरंच वाटलं, एकाच वेळी.

त्या झाडाचं नाव मी इथं लिहिणार नाही. माझ्या भरवशावर कुणी काही उकळून प्यायला नको, पुन्हा.

पहिल्या खेपेला मी वाळलेला पाला नेला. हैदराबादला त्याचा अर्क काढला, पेशींना दिला. काचेवर काही म्हणजे काही उठलं नाही. आमचे साहेब शांत माणूस, तेलुगू, चष्मा सारखा पुसत बोलायचे. ते म्हणाले, घरी ज्या रीतीनं देतात तसाच तयार काढा आणा, कदाचित उकळण्यात काही असेल. त्यांनी मला काचेच्या निर्जंतुक बाटल्या दिल्या, थर्माकोलच्या खोक्यात नीट बसवलेल्या. शिवाय बजावलं, दुसऱ्या कशात भरू नका.

आणि मी तो खोका यवतमाळला आमच्या घरी पलंगाखाली ठेवला आणि तशीच निघाले. विसरले नाही हो. एसटीतून तो खोका मांडीवर धरून आर्णी, महागाव, फुलसावंगी असं कोण जाणार, वर पुढे हैदराबादच्या गाडीसाठी नांदेडपर्यंत! काढा शेवटी गाळूनच वापरायचा आहे, मी मनात म्हटलं. काय फरक पडतो?

माझा भाऊ, दादा, कीटकनाशकं विकणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी होता. बाभुळगावकडचा भाग त्याच्याकडे. बोंडअळीनं तेव्हा पार उच्छाद मांडलेला, फवारण्यावर फवारण्या, त्यामुळे दादाचं बरं चाललं होतं. तो प्रात्यक्षिकं करायचा आणि रिकाम्या कॅन घरी आणायचा. निळ्या, जाड प्लॅस्टिकच्या, पाचपाच लिटरच्या, कडी धरून उचलायच्या. खरं तर त्या जागच्या जागी फोडून पुरायच्या असतात. पण आमच्याकडे कोण फोडतो? ज्याच्या शेतावर जावं तिथं बांधावर पिण्याच्या पाण्याला तीच कॅन. आम्हाला ती इतकी अंगवळणी पडलेली की तिच्यावरचं धोक्याचं चित्र डोळ्यांना दिसतच नव्हतं. आई त्या चिंचेनं घासायची, राखेनं घासायची, गरम पाण्यानं विसळून अंगणात उलट्या टाकायची. वास म्हणून उरायचा नाही.

"घेऊन जा ना दोन," आई म्हणाली. "झाकण किती घट्ट बसते पाहा. एकीत काढा आण, एक त्या बाईला देऊन टाक. खूश होईल."

आता एक सांगते, आणि हे सांगताना मला बसवत नाही. आमच्या घरात त्या कॅनमध्ये कधी प्यायचं पाणी ठेवलं नाही. रॉकेल ठेवलं, फिनेल ठेवलं. कामवाल्या बाईला दिली, दूधवाल्याला दिली, धोब्याला दिली. पण आमचं पाणी तांब्याच्या हंड्यात. कुणी कधी असा नियम केला नव्हता. आईला विचारलं असतं तर तिला सांगताही आलं नसतं. द्यायला ती चांगली होती, आम्हाला नको होती — आणि हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. विषाचं नसेल, पण हे ठाऊक होतं.

झमलीबाई खूश झाली. ती काढा आठवड्याचा एकदम करून डालड्याच्या जुन्या डब्यात ठेवायची, तो बुडाशी गंजून पाझरायला लागला होता. तिनं निळी कॅन हातात घेऊन झाकण चारदा लावलं, काढलं. "अय माय, हे त लयच मजबूत हाय," म्हणाली. माझ्या डोळ्यांदेखत ताजा काढा दोन्ही कॅनमध्ये ओतला. आंबटसर, काळपट. एक माझी, एक ललिताची. ललितानं मला गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत सोडलं, वाटेत दोनदा बसली, पण कॅन तिनंच उचलली होती, माझ्या हातात देईना. बारावीनंतर तिला नर्सिंगला जायचं होतं. "तुयासारखं नाई बावा, काचा पायत बसायचं," म्हणाली. "मी मानसं पायीन."

हैदराबादला साहेब बाहेरगावी गेलेले. मी काढा बाटलीत काढला, गाळला, पेशींना दिला, स्लाइड केली. यंत्रातून चित्र वर आलं आणि मी खुर्चीतून उडालेच. तांबडंच तांबडं! कितीतरी ठिपके पेटलेले. ललिताचा ठिपकाही थोडा तांबूस होता. मी त्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या, खोटं नाही सांगत. मला वाटलं, झालं, माझं नाव झालं.

मग रीतीप्रमाणे ते चित्र संगणकातल्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिलं. आमच्याकडे तशी सोय होती. ज्ञात विषारी रसायनांनी पेशींवर कसकसे ठिपके उठतात त्याचे ठसे आधीच साठवलेले. नवं औषध पुढं न्यायच्या आधी त्या ठशांशी जुळवायचं, म्हणजे घातक माल सुरुवातीलाच गळतो. औषध शोधण्याचं अर्धं काम हे असं गाळण्याचंच असतं. माझं चित्र जुळलं. झाडपाल्याशी नाही. कपाशीवर मारायच्या औषधाशी. दादा जे विकायचा त्याच जातीच्या.

मी आधी काढ्यावर संशय घेतला. पाला शेताच्या धुऱ्यावरचा, बांधावरचा असेल, कुणी फवारा मारला असेल. तसं असतं तर किती बरं झालं असतं! पण आधी नेलेला वाळका पाला तिथलाच होता आणि त्यात हे काही नव्हतं. मग काय राहिलं? मला माहीत होतं काय राहिलं. तरी मी खात्री केली. निळी कॅन स्वच्छ विसळली, तिच्यात प्रयोगशाळेचं शुद्ध पाणी भरलं, काही दिवस तसंच ठेवलं. काचेच्या बाटलीतही तेच पाणी ठेवलं. दोन्ही पाणी पेशींना दिलं. बाटलीच्या पाण्यानं काही झालं नाही. कॅनच्या पाण्याच्या स्लाइडवर तेच ठिपके, त्याच जागी, जरासे फिके.

साध्या पाण्याची स्लाइड. जगात असली स्लाइड कुणी बघायला बसत नाही. मी बसले होते, आणि माझ्याइतकं नक्की त्या दिवशी कुणालाच काही माहीत नव्हतं. चिंच आणि राख प्लॅस्टिकच्या आत मुरलेलं काढत नाही. त्यात काढा आंबट, म्हणजे ते आणखीच सुटत असणार. आणि तिकडे फुलसावंगीच्या तांड्यावर त्याच कॅनच्या जोडीदारणीतून एक आजारी मुलगी रोज सकाळ-संध्याकाळ पेला भरून घेत होती. तो पेला भरून द्यायची सोय मी केली होती.

आता तुम्ही म्हणाल, मग लगेच कळवलं असेल. कुणीही कळवलं असतं, नाही का?

साहेब परत आले तेव्हा मी सांगितलं, काढा प्रवासात आंबला, नमुना वाया गेला. काढ्याची आणि कॅनच्या पाण्याची, दोन्ही स्लाइडी मी त्याआधीच फोडून टाकल्या होत्या. साहेबांनी चष्मा पुसला, विचारलं, पुन्हा आणता येईल का? इथं दार उघडलं होतं हो. कंपनीच्या खर्चानं जायचं, या खेपेला काचेच्या बाटल्या न्यायच्या, जाताना कॅन उचलून आणायची, कुणाला कारण सांगायचीही गरज नव्हती. मी म्हटलं, "ते लोक आता द्यायला तयार नाहीत, सर." कारण पुन्हा आणला की साहेब विचारणार, मागचा कशात आणला होता? पहिला काढा आंबला तर हा कसा टिकला? मला परदेशी शिकायला पाठवायचं त्यांच्या मनात चाललं होतं. त्यांच्या बाटल्या पलंगाखाली ठेवणारी मुलगी त्यांनी पाठवली असती का? शिवाय ते लोक म्हटलं. जिनं मला आपल्या मुलीचा काढा अर्धा ओतून दिला, तिला मी "ते लोक" म्हटलं. त्या दिवसापासून ते झाड आमच्या यादीतून गेलं ते गेलंच. ललिताचा ठिपका काढ्यानं तांबूस झाला होता की विषानं, हे आता कुणाला कळणार नाही. कदाचित त्यात खरंच काही होतं.

मी स्वतःला काय काय सांगितलं म्हणून सांगू! थोडंसंच असेल. आपल्याकडे सगळेच पितात. मेली का सगळी? पेशी म्हणजे माणूस नव्हे, बशीतल्या पेशी कशानंही बिथरतात. हे सगळं मी आज विद्यार्थ्यांना शिकवते, आणि ते खोटं नाही. पण तेव्हा जेवण जात नव्हतं. मी रस्त्यानं चालता चालता थबकायची. बसमध्ये कुणाच्या हातात निळी कॅन दिसली की पुढच्या थांब्याला उतरून जायची.

शेवटी एकदा फोन लावला. तांड्यावर किराणा दुकानात फोन होता. दुकानदार म्हणाला, "झमलीबाई? तिची लली बिमार हाय ना. उलट्याच होऊन राह्यल्या, तोंडाले सारखी लाळ. दवाखान्यात नेलतं, सिकलचंच म्हनत्यात. थांबा, बलावतो तिले. तुमी कोन?"

रिसीव्हर त्यानं टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. बाहेर कुणाला तरी हाका मारत गेला. कोंबड्या ऐकू येत होत्या. उलट्या, लाळ — सिकलमध्ये असं होत नाही, निदान त्याची सुरुवात अशी होत नाही; कशानं होतं ते दादाच्या कंपनीच्या माहितीपत्रकातही लिहिलेलं असतं. एक वाक्य बोलायचं होतं. त्या कॅनमधलं तिला देऊ नका. एवढंच. बाई येत असल्याची चाहूल लागली, तिच्या हातापायांतल्या वाळ्यांचा तो आवाज मला ओळखता येत होता. मी फोन ठेवून दिला.

पुन्हा लावला का? नाही.

दिवाळीला यवतमाळला आले. भाऊबीजेला मावसबहीण आली, फराळाला बसली आणि बोलता बोलता म्हणाली, "तुझी ती ललिता गेली ना गं. दसऱ्याच्या आधीच." दादा ओवाळून घ्यायला पाटावर बसलेला. त्या वर्षी त्याला बढती मिळाली होती. मी त्याला ओवाळलं. ताट कललं तर आई म्हणाली, तेल सांडू नको.

दुसऱ्या दिवशी मी फुलसावंगीला गेले. सांगायलाच गेले होते. एसटीत मी वाक्य जुळवत होते, वऱ्हाडीत कसं म्हणायचं तेसुद्धा ठरवलं होतं. झमलीबाई घराच्या बाहेर बसली होती, उन्हात. मला पाहून उठली नाही. मग म्हणाली, "ये माय," आणि माझा हात धरून शेजारी बसवलं.

ती खूप वेळ बोलली. मी काही बोलायच्या आधीच. तांड्यावर म्हणत होते, तिच्या काढ्यानंच पोट्टी मारली. दिराचं म्हणणं तेच, मुलाचंही तेच. मुलगा मातीनंतर आईशी बोललाच नाही, तसाच तोडीला निघून गेला. आधी पोडांवरच्या बायासुद्धा लेकरांसाठी काढा न्यायला यायच्या. आता कुणी येत नव्हतं, आणि कुणी आलं असतं तरी तिनं दिला नसता. भांडंसुद्धा तिनं पालथं घातलं होतं.

"मी दुसरं काईच नाई केलं," ती म्हणाली. "जसा सासूनं शिकवला तसाच केला. तोच पाला, तेच पानी. मंग काहून अशी झाली माही छोरी?" आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू त नेला होता ना काढा. तुया मशीनीत टाकला होता ना? काय सांगतलं मशीननं? माह्या काढ्यात काई वाईट होतं का? खरं सांग मले. मी आयकीन."

यापेक्षा सोपं करून कुणी विचारलं असतं? माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. काढ्यात काही नव्हतं, बाई. कॅनमध्ये होतं, आणि ती मी आणून दिली. ते ऐकून तिनं मला मारलं असतं, तांडा गोळा झाला असता, दादाची नोकरी गेली असती, माझंही सगळं गेलं असतं. आणि ती सुटली असती. तिच्या मुलानं तिच्याशी बोलणं सुरू केलं असतं.

मी म्हटलं, "तसं काही नक्की सांगता येत नाही."

शिकलेल्या माणसाचं वाक्य. आमच्या धंद्यात ते दिवसातून दहादा म्हणतात. तिनं ते नीट ऐकून घेतलं, मान हलवली, आणि म्हणाली, "मंग माह्याच हातानं झालं असन."

मी नाही म्हणाले नाही.

निघताना मी कॅन मागितली. ती आत फळीवर होती, आता तिच्यात प्यायचं पाणी होतं. निदान ती तरी तिथं ठेवायची नाही, एवढंच माझ्यानं झालं. आणि पुरावा म्हणूनही ती मला तिथं नको होती, तेही खरं आहे. झमलीबाईनं पाणी झाडाला ओतलं, कॅन पदरानं पुसली. मग ती माझ्याकडे बघून पहिल्यांदा रडली.

"ललीची याद म्हून पायजे का तुले?"

मी मान हलवली. हो म्हणून.

महागावच्या बसस्टँडमागं मी ती दगडानं फोडली. परदेशी गेले, शिकले, परत आले, लग्न झालं, कॉलेजात लागले. दादा आता निवृत्त आहे. झमलीबाई अजून आहे, मावसबहीण सांगते. डोळ्यांनी कमी दिसतं, मुलगा वेगळा राहतो. काढा तिनं पुन्हा कधी केला नाही. फुलसावंगीला जायला आता आमच्या इथून सकाळी थेट बस आहे. आजही होती. बस सुटली तेव्हा मी टेबलाशी बसून हे तुम्हाला लिहीत होते.